लिनक्सवर डब्ल्यूआरएफ सोर्समधून कंपाइल करताना चार दिवस अडकलेय, मदत हवी आहे

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस घेतलाय. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३ च्या आसपास, दोन्हीत अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, तर एवढा फरक मॉडेलला कितपत पकडता येतो ते बघायचंय. मॉडेल डब्ल्यूआरएफ, म्हणजे हवामानाचं गणित करणारा प्रोग्राम, तो सोर्समधून (मूळ कोडवरून) बांधतेय, म्हणजे कंपाइल करतेय. कॉलेजात सर्व्हर नाही त्यामुळे स्वतःचाच लॅपटॉप, ८ जीबी रॅम, उबुंटू २४.०४. मोबाइलवरून लिहितेय म्हणून कमांड आणि एरर देवनागरीतच टाकतेय, समजून घ्या.

तर झालं असं. नेटवर एक जुनी कृती मिळाली त्यात एमपिच ३.०.४, नेटसीडीएफ, झेडलिब, लिबपीएनजी, जॅस्पर अशा मदतीच्या लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) सगळ्या एका फोल्डरमध्ये सोर्समधून बांधायला सांगितलंय. पहिल्याच दिवशी एमपिचचं कॉन्फिगर थांबलं, म्हणतं की तुमचा जीफोर्ट्रान (फोर्ट्रान भाषेचा कंपायलर) एकच रूटीन वेगवेगळ्या प्रकारच्या आर्ग्युमेंटनी बोलावणाऱ्या फाइली कंपाइल करणार नाही. कुणीतरी कुठेतरी लिहिलं होतं की 'अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच'वाला फ्लॅग टाका, तो मी सीफ्लॅग्जमध्ये टाकला, काही फरक नाही. मग कंटाळून एमपिच सरळ ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या तयार पॅकेजमधून घेतलं. नेटसीडीएफ सी बांधलं, नेटसीडीएफ फोर्ट्रान बांधलं, दोन्ही व्यवस्थित झाले, एकही एरर नाही. मग डब्ल्यूआरएफचं कॉन्फिगर, पर्याय ३४, नेस्टिंग १, कंपाइल ईएम रिअल, आणि तासाभराने शेवटी काय तर 'प्रॉब्लेम्स बिल्डिंग एक्झिक्युटेबल्स, लुक फॉर एरर्स इन द बिल्ड लॉग'. लॉगच्या शेवटी लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) म्हणतोय अमुक फाइल सापडत नाही, तमुक सापडत नाही. तीन वेळा क्लीन करून परत केलं, तेच.

आम्ही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी होतं, तेव्हापासून ठरवलं होतं की पावसाचंच शिकायचं. त्यामुळे हे मला सोडायचं नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

टर्मिनलप्रेमी
सोमवार, रात्री ११.५८

सोर्समधून कशाला एवढा व्याप? कोंडामध्ये (पॅकेज बसवायचं साधन) नेटसीडीएफ, एचडीएफ५, एमपिच सगळं तयार मिळतं, दोन मिनिटांत होतं. नाहीतर डॉकर घ्या. २०२५ मध्ये हाताने लायब्ऱ्या बांधत बसायची गरज नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाष्प
मंगळवार, सकाळी ६.५०

कृष्णाकाठ, घाबरू नका, यातलं काहीही नवीन नाही, मी पंधरा वर्षं हेच करतोय आणि दर नव्या मशीनवर पहिला आठवडा असाच जातो.

टर्मिनलप्रेमी म्हणतात ते नुसतं चालवून बघायचं असेल तर ठीकच आहे. पण डब्ल्यूआरएफ हे मॉडेल लोक उघडून आत हात घालून वापरतात. आज स्कीम (ढग-पावसाचं गणित करायची पद्धत) नेमलिस्टमधून, म्हणजे सेटिंगच्या फाइलीतून बदलाल, उद्या गाइड म्हणतील की अमुक स्कीममधला हा एक स्थिरांक बदलून बघ, की तिथे परत कंपाइल आलंच. आणि पुढे कधी मोठ्या क्लस्टरवर काम करायची वेळ आली तर तिथे रूट नसतो, ॲप्ट नसतं, जे काय करायचं ते आपल्या होम फोल्डरात. ॲप्टच्या नेटसीडीएफचा अजून एक त्रास म्हणजे डेबियनवाले हेडर एकीकडे ठेवतात आणि लायब्ररी दुसरीकडे, डब्ल्यूआरएफला मात्र नेटसीडीएफ या एकाच पाथखाली इन्क्लूड आणि लिब शेजारी शेजारी हवे असतात, तेही सी आणि फोर्ट्रान दोन्ही एकत्र. लोक मग सिमलिंक करत बसतात. त्यापेक्षा बांधलेलं बरं.

आता तुमच्याकडे. लॉगचा शेवट बघू नका. डब्ल्यूआरएफची मेकफाइल आतमध्ये मेकला 'एरर आली तरी पुढे जा' असा पर्याय देऊन चालवते. म्हणजे दहाव्या मिनिटाला एक फाइल पडली तरी गाडी थांबत नाही, तिच्यावर अवलंबून असलेल्या पन्नास फाइली पडतात, त्यांच्यावरच्या अजून दीडशे, आणि शेवटी लिंकर बिचारा जे नाहीये ते मागत बसतो. शेवटचा एरर हा परिणाम असतो. लॉगमध्ये 'एरर' शब्द ग्रेप करा, म्हणजे शोधा, ओळ क्रमांकासकट, आणि सगळ्यात पहिला जो येईल तो आणि त्याच्या वरच्या दहा ओळी इथे टाका.

दुसरं, या तीन गोष्टी सांगा: व्हिच जीफोर्ट्रान काय देतं, जीफोर्ट्रानची आवृत्ती काय, आणि नेटसीडीएफ फोर्ट्रान बांधताना कॉन्फिगरने जी कॉन्फिग डॉट लॉग लिहिली असेल त्यात कंपायलरचं नाव काय आहे. फोल्डर अजून ठेवलंय ना?

रानवारा
मंगळवार, सकाळी ९.१५

त्या आर्ग्युमेंट मिसमॅचबद्दल थोडं. जुन्या फोर्ट्रान कोडमध्ये एकाच रूटीनला कधी रिअल ॲरे दिलेला असतो कधी इंटीजर, आतून सगळे पत्तेच जातात त्यामुळे चालून जायचं. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, जीफोर्ट्रानने याला सरळ एरर म्हणायला सुरुवात केली. एमपीआयमध्ये (अनेक प्रोसेसरांनी एकमेकांना डेटा पाठवायची पद्धत, एमपिच हे तिचंच एक रूप) तर हेच चालतं, सेंड रूटीन एकच आणि डेटा कुठल्याही प्रकारचा. म्हणून तुमचं ३.०.४ पडलं, ते त्याच्या कितीतरी आधीचं आहे. फ्लॅग बरोबर होता, जागा चुकली. तो सीच्या कंपायलरला कळतच नाही, तो एफफ्लॅग्ज आणि एफसीफ्लॅग्ज दोन्हीत हवा. हल्लीच्या डब्ल्यूआरएफचं कॉन्फिगर जीफोर्ट्रानची आवृत्ती बघून तो आपणहून घालतं, त्यामुळे तिथे तुम्हाला काही करायला लागणार नाही. एमपिच ॲप्टचं घेतलंत ते बरंच केलंत, राहू दे.

कृष्णाकाठ
मंगळवार, दुपारी १.३०

बाष्प दादा, खूप आभार, सकाळी कॉलेजला होते म्हणून उशीर. पहिला एरर खरंच फार वर होता, मी तिथपर्यंत कधी गेलेच नव्हते. असा आहे: 'कॅनॉट रीड मॉड्यूल फाइल नेटसीडीएफ डॉट मॉड, बिकॉज इट वॉज क्रिएटेड बाय अ डिफरंट व्हर्जन ऑफ जीएनयू फोर्ट्रान'. त्याच्यानंतर नुसता पूर.

व्हिच जीफोर्ट्रान: युएसआर बिन मधला. आवृत्ती १३. कॉन्फिग डॉट लॉगमध्ये मात्र काहीतरी लांबलचक नाव आहे, एक्स८६ ६४ कोंडा लिनक्स जीएनयू जीफोर्ट्रान, आणि खाली आवृत्ती ७.३. हे कुठून आलं?? मी कोंडातून काहीच घेतलं नाहीये या कामासाठी. स्क्रीनचे दोन फोटो काढलेत ते टाकतेय, एक नेटसीडीएफ बांधतानाचा आणि एक आजचा.

बाष्प
मंगळवार, दुपारी २.०५

सापडलं. तुमचे दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि फक्त प्रॉम्प्ट बघा. आजच्या फोटोत ओळ तुमच्या नावाने सुरू होतेय. नेटसीडीएफवाल्या फोटोत नावाच्या आधी कंसात 'पायथॉनकोर्स' असं आहे. ते कोंडाचं एन्व्हायर्नमेंट आहे, त्या टॅबमध्ये चालू राहिलेलं. त्याच्यात कधीतरी कंपायलरचं पॅकेज बसवलं गेलंय आणि ते पॅकेज चालू झालं की सीसी, एफसी वगैरे व्हेरिएबल गुपचूप स्वतःच्या कंपायलरकडे वळवतं. कॉन्फिगरने एफसीमध्ये जे सापडलं ते घेतलं. म्हणून नेटसीडीएफ फोर्ट्रान ७.३ ने बांधलं गेलं आणि डब्ल्यूआरएफ १३ ने.

आता हे का चालत नाही. सीमध्ये हेडर म्हणजे साधा मजकूर, कुठलाही कंपायलर वाचतो. फोर्ट्रानमधली डॉट मॉड फाइल तशी नाही, ती कंपायलरने स्वतःसाठी करून ठेवलेली टिपणवही आहे, त्याच्या स्वतःच्या खुणांमध्ये. इंटेलची जीफोर्ट्रानला वाचता येत नाही आणि जीफोर्ट्रानचंही ठरावीक आवृत्त्यांनी त्या खुणांचं स्वरूप बदलतं. ७ आणि १३ मध्ये ते बदललेलं आहे. त्यामुळे फोर्ट्रानच्या इमारतीत एक नियम पक्का: पायापासून कळसापर्यंत गवंडी एकच. नेटसीडीएफ फोर्ट्रान, एमपीआय, डब्ल्यूआरएफ, डब्ल्यूपीएस (डब्ल्यूआरएफसाठी डेटा तयार करणारा भाग), सगळ्याला एकच जीफोर्ट्रान.

करायचं काय: कोंडा डीॲक्टिव्हेट. एन्व्ह कमांड देऊन ओळी वाचा, कोंडा हा शब्द कुठेही दिसता कामा नये, दिसला तर नवीन टॅब उघडा. नेटसीडीएफची दोन्ही सोर्स फोल्डर पुसून टारमधून नव्याने काढा, मेक क्लीनवर विसंबू नका कारण कॉन्फिगरची कॅश मागे राहते. इन्स्टॉल केलेलं फोल्डरही रिकामं करा. मग क्रमाने: झेडलिब, एचडीएफ५, नेटसीडीएफ सी, नेटसीडीएफ फोर्ट्रान. दोन्ही नेटसीडीएफना प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉलचं फोल्डर, एकच. प्रत्येक पायरीवर मेक इन्स्टॉलच्या आधी मेक चेक चालवा, वेळ खातं पण चालवाच. नेटसीडीएफ सीला एमफोर नावाचं छोटं टूल लागतं आणि रिमोट डेटासाठी कर्ल लागतं, कर्ल नको असेल तर डॅप बंद करायचा पर्याय द्या. डब्ल्यूआरएफला सीशेल लागतं, कंपाइल ही स्क्रिप्टच सीशेलमध्ये आहे, उबुंटूवर ते आपोआप नसतं, पण तुमचं तासभर चाललं म्हणजे तुम्ही बसवलेलं दिसतंय.

टर्मिनलप्रेमी
मंगळवार, दुपारी २.४०

बाष्प, हे वाचून माझा कोंडाचा सल्ला या बाबतीत मागे घेतो. मला माहीतच नव्हतं की ते एफसी वळवतं. माझ्याही एका प्रोजेक्टमध्ये असंच काहीतरी होत होतं बहुतेक, आज रात्री बघतो.

वाशिष्ठी
मंगळवार, संध्याकाळी ७.२०

मी डब्ल्यूआरएफ नाही पण दुसरं एक फोर्ट्रान मॉडेल बांधतेय, माझ्याकडे वेगळाच एरर आहे पण त्याच घरातला वाटतोय म्हणून इथेच विचारते. कंपाइल सगळं होतं, लिंक करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू' करून एनसी अंडरस्कोर ओपन, एनसी अंडरस्कोर क्लोज असे चाळीसएक एरर. लायब्ररी तर समोर दिसतेय फोल्डरमध्ये, लिंकच्या ओळीतही दिलीय. मग तिला दिसत का नाही?

बाष्प
मंगळवार, रात्री ९.१०

वाशिष्ठी ताई, ओळीत क्रम काय आहे? बहुतेक तुम्ही आधी एलनेटसीडीएफ आणि मग एलनेटसीडीएफएफ दिलंय. उलटं करा.

लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. पंगतीचं उदाहरण घ्या. प्रत्येक लायब्ररी म्हणजे एक वाढपी, आणि मागणी म्हणजे मांडलेलं पान. वरणवाला पंगतीतून जाताना जी पानं मांडलेली आहेत त्यांनाच वाढतो आणि पुढे जातो, परत मागे फिरत नाही. तुमच्या कोडने थेट सी लायब्ररीकडे काहीच मागितलं नव्हतं, त्यामुळे नेटसीडीएफ आली तेव्हा तिच्यासाठी एकही पान नव्हतं, ती तशीच निघून गेली. त्याच्यानंतर फोर्ट्रानवाली आली आणि तिने आपली चाळीस पानं मांडली, पण वरण तर गेलं. म्हणून जो मागणार तो आधी आणि जो देणार तो नंतर: तुमच्या ऑब्जेक्ट फाइली, मग नेटसीडीएफएफ, मग नेटसीडीएफ, मग एचडीएफ५ची एचएल आणि मग मुख्य, मग झेड, शेवटी एम. डॉट ए वाल्या स्टॅटिक लायब्ऱ्यांना हे अगदी काटेकोर लागू आहे, आणि उबुंटूत शेअर्डलाही, कारण तिथे ज्या लायब्ररीची तोवर गरज पडली नाही ती सोडून द्यायचं हा डिफॉल्ट आहे.

आणि पाठ करू नका, एनएफ कॉन्फिग नावाची छोटी कमांड नेटसीडीएफ फोर्ट्रानबरोबर येते, तिला फ्लिब्ज विचारा, ती स्वतःच बरोबर क्रमाने ओळ देते. फक्त ती आपल्याच फोल्डरातली आहे ना ते व्हिच करून बघा, नाहीतर परत कोंडाचीच निघायची.

वाशिष्ठी
मंगळवार, रात्री ९.३२

झालं!! फक्त दोन शब्दांची अदलाबदल. मी दोन दिवस ती लायब्ररी परत परत बांधत होते. पंगतीचं उदाहरण कायम लक्षात राहील.

कृष्णाकाठ
बुधवार, रात्री १२.१०

अपडेट. सगळं पुसलं, कोंडा बंद, चारही लायब्ऱ्या परत बांधल्या, चारहीचं मेक चेक पास. कॉन्फिग डॉट लॉगमध्ये यावेळी साधं जीफोर्ट्रान, १३. मग डब्ल्यूआरएफ लावलं, लवकर व्हावं म्हणून जे ८ (एका वेळी आठ फाइली कंपाइल) दिलं कारण लॅपटॉपला ८ थ्रेड आहेत. पंचवीस मिनिटांनी लॅपटॉप पार गोठला, माउससुद्धा हलेना, आणि जेव्हा परत जागा झाला तेव्हा लॉगमध्ये: 'फेटल एरर, किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम एफ९५१'. कंपायलरमध्येच बग आहे का? आवृत्ती बदलू का?

गोदातीर
बुधवार, पहाटे १.०५

आवृत्ती अजिबात बदलू नका. एफ९५१ म्हणजे जीफोर्ट्रानच्या पोटातला खरा कंपायलर, जीफोर्ट्रान ही नुसती पुढची कमांड आहे जी त्याला बोलावते. आणि 'किल्ड' म्हणजे तो स्वतः मेला नाही, कर्नलने त्याला मारलं, मेमरी संपली म्हणून. डीमेसेजमध्ये बघा, 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ नक्की असेल. डब्ल्यूआरएफमध्ये काही मॉड्यूल अशी आहेत की एकेकाला कंपाइल करतानाच कंपायलर गिगाबाइटमध्ये मेमरी घेतो, तसे आठ एकदम चालले की ८ जीबीचं काय होणार. जे २ द्या, ब्राउझर बंद ठेवा, आणि ८ जीबीची स्वॅप फाइल करून घ्या. वेळ जास्त लागेल पण पूर्ण होईल.

मी इथे जर्मनीत प्रथिनांचं सिम्युलेशन करते, ग्रोमॅक्सवर. आमच्याकडे सीमेक (बांधणीची तयारी करणारं साधन) आहे, तो बऱ्याच गोष्टी स्वतः शोधतो, एफएफटीडब्ल्यू ही लायब्ररी तर तो सांगितलं की स्वतः आणून बांधतो. पण सोर्समधून बांधायचं कारण आमच्याकडे वेगळं आहे, वेग. प्रोसेसरला एव्हीएक्स ५१२ (एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना) येत असेल तर ते वापरणारा बांधायचा, नसेल तर एव्हीएक्स२. माझं पहिल्या वर्षी काय झालं होतं ते सांगते, तुमच्या कामाला पुढे येईल. क्लस्टरच्या लॉगिन नोडवर बांधलं, तिथे चाचणी केली, सुंदर चाललं. जॉब टाकला तर पहिल्या सेकंदाला 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद. लॉगिन नोड नवा होता, त्याला एव्हीएक्स ५१२ येत होतं, आणि माझा जॉब ज्या नोडांवर गेला ते जुने होते. सीमेकने जिथे बांधलं त्या मशीनकडे बघून ठरवलं होतं. जीसीसीला मार्च नेटिव्ह दिलं की हेच होतं. तेव्हापासून मी बांधायचं कामच जॉब म्हणून टाकते, ज्या नोडवर चालवायचं तिथेच बांधते. तीन आठवडे गेले होते माझे त्यात, रडायला यायचं, कारण एररमध्ये एक शब्दही जास्तीचा नव्हता.

कृष्णाकाठ
बुधवार, रात्री १०.२५

गोदातीर ताई, जे २, स्वॅप ८ जीबी, आणि आई म्हणाली जेवून घे तोवर होईल, तर जेवून आले आणि मेन फोल्डरमध्ये चार फाइली. वर्फ, रिअल, एनडाउन, टीसी, चारही डॉट ईएक्सई!! मी एलएस कमांड सलग पाच वेळा दिली. बाष्प दादा, तुम्ही सकाळी सातच्या आत लिहिलं होतंत, खरंच मनापासून आभार.

आता डब्ल्यूपीएस. त्यातले जिओग्रिड (जमिनीचा डेटा) आणि मेटग्रिड झालेत, अनग्रिब (हवामानाच्या डेटाच्या फाइली उघडणारा) होत नाहीये. जॅस्परपाशी अडलंय. ॲप्टमध्ये लिबजॅस्पर नाहीच. सोर्समधून नवीन आवृत्ती बांधली तर जेपीसी अंडरस्कोर डीकोड अनडिफाइन्ड म्हणतं. पंगतीचा क्रम तपासला, बरोबर आहे.

रानवारा
बुधवार, रात्री १०.५०

हो, उबुंटूने १८.०४ पासून जॅस्पर काढून टाकलंय. आणि नवीन जॅस्परमध्ये ते आतलं फंक्शन बाहेरच्यांना उघडं ठेवलेलं नाही, म्हणून जुन्या पद्धतीने बोलावणाऱ्या कोडला ते मिळत नाही. १.९००.१ घ्या, सगळे तेच वापरतात. माझ्या फेडोरावर जीसीसी १४ आहे आणि त्यात सीसाठी अजून एक कडक नियम आलाय, फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं की आधी नुसता इशारा मिळायचा, आता सरळ एरर. जुन्या सी कोडमध्ये हे पावलोपावली असतं. तिथे सीफ्लॅग्जमध्ये 'डब्ल्यू नो एरर इम्प्लिसिट फंक्शन डिक्लेरेशन' द्यावं लागलं मला. तुमच्या १३ वर तो त्रास होणार नाही.

बाष्प
गुरुवार, सकाळी ६.४०

कृष्णाकाठ, एक मिनिट थांबा. जॅस्पर बांधण्याआधी सांगा, सीमेचा डेटा, म्हणजे मॉडेलच्या कडांना द्यायची हवामानाची माहिती, कुठली घेताय?

कृष्णाकाठ
गुरुवार, सकाळी ७.३०

एनसीईपी या अमेरिकन हवामान केंद्राचा जगभराचा एफएनएल डेटा, एक अंशाचा, सहा सहा तासांचा. २५ ते २७ जुलै २००५. डाउनलोड झालाय आधीच.

बाष्प
गुरुवार, सकाळी ७.४५

मग तुम्हाला जॅस्पर लागतच नाही.

जॅस्पर, पीएनजी आणि झेडलिब हे तिन्ही अनग्रिबला फक्त ग्रिब२ (ग्रिब या हवामान डेटाच्या फाइलींची दुसरी आवृत्ती) उघडायला लागतात, कारण ग्रिब२ मध्ये आकडे जेपीईजी २००० किंवा पीएनजी पद्धतीने दाबून भरलेले असू शकतात. एफएनएल डिसेंबर २००७ पर्यंत ग्रिब१ मध्ये आहे, ग्रिब२ त्याच्या पुढे सुरू होतो. तुमचा पाऊस २००५ चा. डब्ल्यूपीएसचं कॉन्फिगर चालवलं की यादीत जीफोर्ट्रानखाली चार पर्याय दिसतील, सीरियल, सीरियल नो ग्रिब२, डीएमपार, डीएमपार नो ग्रिब२. दुसरा घ्या. क्लीन ए करून परत कंपाइल करा, पाच मिनिटांचं काम आहे.

पुढे कधी अलीकडच्या वादळाचा जीएफएस (अमेरिकेचं जागतिक अंदाजाचं मॉडेल) डेटा घेतलात तर ग्रिब२ लागेल. तेव्हाही हाताने बांधू नका, डब्ल्यूपीएस ४.४ पासून कॉन्फिगरला 'बिल्ड ग्रिब२ लिब्ज' असा पर्याय आहे, तो या तिन्ही लायब्ऱ्या स्वतः आपल्या फोल्डरात बांधून घेतो. जुन्या कृतींमध्ये हे नाहीये कारण तेव्हा नव्हतंच.

कुठली लायब्ररी नेमकी कशासाठी लागते हे या कृती सांगत नाहीत, नुसती यादी देतात, आणि पोरं त्या यादीतल्या नको असलेल्या गोष्टीपायी आठवडा घालवतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

कृष्णाकाठ
गुरुवार, सकाळी ८.२०

झालं. अनग्रिब डॉट ईएक्सई आलं. कॉलेजला जाते, बसमध्ये आहे, हात थरथरतायत.

टर्मिनलप्रेमी
गुरुवार, दुपारी १२.००

अभिनंदन! जिओग्रिडसाठी जमिनीचा डेटा उतरवून घेताना जागा बघा, वरच्या रिझोल्यूशनचा पूर्ण संच उघडला की तीसेक जीबी होतो. आणि एक विनंती, हे सगळं ज्या क्रमाने झालं ते एका फाइलमध्ये लिहून ठेवा.

कृष्णाकाठ
शनिवार, रात्री ९.४०

आज पहिलं पूर्ण रन झालं. मधे एकदा रिअल डॉट ईएक्सई सुरू होताच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडलं, इथल्याच एका जुन्या चर्चेत वाचलं होतं म्हणून यूलिमिट एस अनलिमिटेड दिलं, स्टॅक कमी पडत होता, चाललं. बाहेरच्या डोमेनची (मॉडेलच्या क्षेत्राची) चौकट ९ किमी, आतल्याची ३ किमी, टाइमस्टेप किलोमीटरच्या सहापट धरून ५४ सेकंद. रात्री दहाला लावलं, सकाळी साडेआठला 'सक्सेस कम्प्लीट डब्ल्यूआरएफ'. पंख्याचा आवाज रात्रभर होता, आजीने दोनदा उठून विचारलं गिरणी सुरू आहे का.

पाऊस: २४ तासांत सगळ्यात जास्त २६० मिमी, पण तो सांताक्रूझला नाही, बराच ईशान्येला, घाटाच्या पायथ्याशी. सांताक्रूझच्या चौकटीत ११० मिमी. ९४४ कुठे आणि ११० कुठे.

बाष्प
शनिवार, रात्री १०.१५

पहिल्याच रनला कोकणात २६० मिमीचा गाभा आला हे चांगलं लक्षण आहे, एक अंश म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, त्या डेटातून सांताक्रूझ आणि कुलाबा हे एकाच चौकटीत येतात, बाकीचं सगळं मॉडेलला स्वतः उभं करायचंय.

एक तपासा. २४ तास कुठून कुठे मोजलेत? हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणजे ०३ यूटीसी ते ०३ यूटीसी. ९४४ हा आकडा २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे. आणि डब्ल्यूआरएफमधला पाऊस रनच्या सुरुवातीपासून साठत जातो, रेनसी आणि रेनएनसी या पावसाच्या दोन भागांची बेरीज करून शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वजा करायची.

कृष्णाकाठ
शनिवार, रात्री ११.०५

मी ०० ते ०० घेतलं होतं आणि फक्त रेनएनसी! आता दोन्ही बरोबर केल्यावर कमाल ३१० आणि सांताक्रूझला १४५. गाभा अजून तिथेच घाटाकडे.

टर्मिनलप्रेमी, फाइल केलीय. त्यात पहिली ओळ कोंडा डीॲक्टिव्हेट, मग सगळे पाथ, सीसी आणि एफसी स्पष्ट नाव घेऊन, मग यूलिमिट. नाव दिलंय 'पाया'. कुठलाही टॅब उघडला की आधी ती सोर्स करते, मगच पुढचं काम. प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती, कॉन्फिगरची पूर्ण ओळ आणि मेक चेकचा निकाल पण खाली लिहिलाय. उद्या या धाग्यात टाकते, वाशिष्ठी ताई तुम्हालाही उपयोग होईल.

आता १ किमीचं तिसरं डोमेन टाकून बघायचंय, मुंबई आणि ठाण्यापुरतंच. आतल्या डोमेनचा टाइमस्टेप ६ सेकंदांवर येतोय, म्हणजे लॅपटॉपवर दीड-दोन दिवस सहज. सोमवारी सुट्टी आहे, रविवारी सकाळी लावते. आजीला सांगून ठेवलंय.